टायमिंग चेन: इंजिनातील न दिसणारी तूट

इंजिन खोलून झाले की ऐन गर्दीच्या वेळी दुकानात गॅरेजचा फोन येतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट अशी यादी सांगून झाल्यावर मेकॅनिक सहज विचारतो, “शेठ, टायमिंग चेन चांगली दिसतेय. तीच ठेवू का?” समोर गिऱ्हाईक उभे असते, खर्चाचा आकडा आधीच फुगलेला असतो. उत्तरही तितक्याच सहजपणे जाते, “चांगली असेल तर राहू दे.” इंजिनाचे पुढील आयुष्य पुष्कळदा या दोन वाक्यांत ठरून जाते.

या संवादातील गफलत “दिसतेय” या शब्दात आहे. टायमिंग चेनची झीज डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावी लागते. मोजण्याची संधीही वारंवार येत नाही, कारण चेन इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड बंदिस्त असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी चेनच्या किमतीहून जड पडते. इंजिनाचे काम काढलेले असते तेव्हा ती मजुरी दिल्यासारखीच असते. वर्षाअखेर गोदामातील माल प्रत्यक्ष मोजून पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहणाऱ्या व्यापाऱ्याला यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांच्या दारात गेल्या पंधरा-सतरा वर्षांत जे डिझेल इंजिन सर्वाधिक परिचित झाले, त्याचेच उदाहरण येथे घेणे योग्य ठरेल. फियाट कंपनीचे १.३ लिटरचे मल्टीजेट इंजिन, नेमकी क्षमता १२४८ सीसी. मारुतीने ते २००७ मध्ये स्विफ्टमध्ये व पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा या गाड्यांत डीडीआयएस या नावाने दिले. टाटांनी इंडिका व्हिस्टात त्याला क्वाड्राजेट म्हटले आणि फियाटच्या पुंटो व लिनियात ते मूळ नावाने आले. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातही त्याची निर्मिती झाली. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसले की मोटारविषयक नियतकालिकांनी त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ अशी पदवी दिली. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. त्यामुळे आज रस्त्यावर असलेली ही इंजिने जुनी होत चालली आहेत. त्यांतील अनेकांची एकदा तरी खोलण्याची वेळ आली आहे किंवा येऊ घातली आहे.

या इंजिनात चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आहेत. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे फिरतो तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो, आणि तोही नेमक्या क्षणी. हा मेळ राखण्याचे काम चेनचे. क्रँक आणि कॅम यांच्यातील अंतर मोठे असल्याने चेनही लांब असते. तिची एक बाजू सदैव ताणलेली असते, कारण क्रँक त्या बाजूने कॅमला ओढत असतो. दुसरी बाजू स्वभावतः सैल राहते. तिला टेन्शनर नावाचा दट्ट्या एका वक्र पट्टीच्या आधाराने दाबून धरतो. टेन्शनरला हे बळ मिळते ते इंजिन ऑइलच्या दाबातून.

जुन्या मारुती ८०० मध्ये या जागी रबराचा पट्टा असे. पट्ट्याला कंपनीने ठरवून दिलेली मुदत असते आणि ती भरली की तो बदलायचा, हे मालकाच्या मनावर ठसलेले असे. चेन पोलादी, तिला तशी छापील मुदत बहुधा नसते. त्यामुळे ‘चेनला मरण नाही’ असा समज पसरला. कर्जाच्या कागदावर परतफेडीची तारीख छापलेली नाही, म्हणून कर्ज फेडायचेच नाही असे कोणी म्हणाले, तर त्याचा हिशेब याहून वेगळा होणार नाही.

चेन ‘ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश असते. ती दोन्ही एकमेकांवर घासून कणाकणाने झिजतात. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी मिसळत जाते. ऑइल बदलायला उशीर झाला की तीच काजळी पिनेच्या सांध्यात पॉलिश पावडरीसारखे काम करते. समजा, प्रत्येक सांधा केवळ ०.०२ मिलिमीटर झिजला. डोक्याचा केसही याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. मात्र चेनला १२० कड्या असतील, तर एकूण लांबी २.४ मिलिमीटरने वाढली. कोणतीही एक कडी हातात धरून पाहिली तर ती निर्दोषच दिसणार. रोजच्या गल्ल्यातून चार-आठ आण्यांची तूट येत राहावी आणि ती दिवाळीच्या ताळेबंदातच उघडी पडावी, असा हा प्रकार आहे.

ही वाढलेली लांबी जाते कुठे? सैल बाजूची वाढ टेन्शनर आपला दट्ट्या आणखी पुढे काढून झाकतो. ताणलेल्या बाजूची वाढ मात्र त्याला झाकता येत नाही. ती बाजू जितकी लांबली तितका कॅम मागे पडतो. उदाहरणादाखल त्या बाजूला ५० कड्या धरू. लांबी १ मिलिमीटरने वाढली. कॅमच्या चक्राला ४० दाते आणि दोन पिनांतील अंतर ८ मिलिमीटर असेल, तर चक्राचा घेर सुमारे ३२० मिलिमीटर होतो. या घेरावर १ मिलिमीटर म्हणजे कॅमचा सव्वा अंशाच्या आतला उशीर आणि क्रँकच्या भाषेत सुमारे सव्वादोन अंश. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह तेवढ्या उशिरा बंद होतात, भरलेल्या हवेचा काही अंश परत निसटतो, थंडीत सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो आणि घाटात गाडी मंद वाटते. मालक पंप, इंजेक्टर, फिल्टर यांना दोष देत राहतो.

आवाजावर विसंबून राहणे हा दुसरा धोका, आणि तो अधिक फसवा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या टेन्शनरमधील ऑइल उतरलेले असते. सकाळी इंजिन सुरू होताच ऑइलचा दाब येईपर्यंत दोन-तीन क्षण चेन झाकणाच्या बाजूने खडखडते, हे अनेकांच्या परिचयाचे असेल. इंजिनाची बेअरिंग झिजलेली असतील तर ऑइलचा दाब कमी पडतो आणि खडखड वाढते. आता त्याच इंजिनाचे काम झाले, नवी बेअरिंग पडली, दाब वाढला. टेन्शनर जोमाने दाबू लागतो आणि झिजलेली जुनी चेनदेखील गप्प होते! मालक खूश, मेकॅनिकही खूश. कामाआधीचा आवाज कामानंतर थांबला, याचा अर्थ चेन बरी झाली असा होत नाही. तिची तक्रार तेवढी दबली आहे.

दट्ट्या पूर्ण बाहेर आला की पुढे झाकायला काही उरत नाही. मग एखाद्या दिवशी चेन चक्रावरून एखाद-दुसरा दाता उडी मारते. मल्टीजेटसारख्या इंजिनात पिस्टन वर आलेला असताना व्हॉल्व्ह उघडा राहिला तर दोहोंची टक्कर होते. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात, पिस्टनवर घाव बसतात. नुकत्याच केलेल्या संपूर्ण कामावर पाणी फिरते. ही घटना महामार्गावर रात्री कुटुंबासह प्रवासात घडली तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही.

मोजणीची सुरुवात इंजिन खोलण्यापूर्वीच व्हावी. स्कॅनर लावल्यावर क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचा मेळ बसत नसल्याचा संकेत, म्हणजे पी००१६ हा क्रमांक, मिळाला असेल तर तो लिहून ठेवावा. हा संकेत सेन्सर किंवा वायरिंगच्या दोषानेही येऊ शकतो, हे खरे. परंतु इंजिन खोलले जात असताना त्याकडे काणाडोळा करण्याचे कारण नाही.

सैलपणा म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर जुन्या अँबेसिडरचे पेट्रोल इंजिन उत्तम शिक्षक आहे. तिच्या १४८९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट माथ्यावर नसून ब्लॉकच्या पोटात असतो, त्यामुळे चेन आखूड. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरूनच फिरतो. त्याचे झाकण काढायचे, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने थोडे पुढे फिरवायचे आणि मग हलकेच उलट फिरवायचे. पुली मागे सरकू लागते, पण आतला रोटर काही क्षण जागचा हलत नाही. रोटर हलेपर्यंत पुली जितके अंश फिरली, तितकी एकूण ढील. तीत डिस्ट्रिब्युटरच्या गिअरची थोडी ढीलही मिसळलेली असते, ती समजून घ्यावी. जुने मेकॅनिक हे बोटांनी जाणत. पुलीवर अंशांची चकती लावली की तेच ज्ञान आकड्यात उतरते.

नव्या इंजिनांत इतकी सोय नसते. तेथे पुढचे झाकण उघडल्यावर काम सुरू होते आणि झाकण उघडल्यावरची पहिली पाच मिनिटे सर्वांत मोलाची असतात. चेन उतरवण्याची घाई न करता क्रँक हाताने, इंजिनाच्या चालण्याच्याच दिशेने, अलगद फिरवून थांबवावा. मागे फिरवला तर ताणाची बाजू सैल होते, ढील जागा बदलते आणि मोजणी खोटी ठरते. मग टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आला आहे ते व्हर्निअरने मोजावे. दातेरी टेन्शनर असेल तर किती दाते पुढे सरकला ते मोजावे. हा एक आकडा चेन, चक्रे आणि पट्ट्या या साऱ्यांच्या एकत्रित झिजेची गोळाबेरीज असते. टेन्शनर एकदा काढला की हा आकडा कायमचा हरवतो. दुर्दैवाने बहुतेक गॅरेजांत तो काढूनच टाकला जातो आणि मग चेन बोटाने हलवून निकाल दिला जातो. बंद इंजिनात ऑइलचा दाब नसल्याने बोटाने हलणारी चेन काहीच सिद्ध करीत नाही. नवी चेनही हलते.

चेन उतरवल्यावर ती डिझेलमध्ये स्वच्छ धुऊन वाळवावी. सपाट टेबलावर ठेवून, एका टोकाला खुंटी व दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून ती ठराविक जोराने ताणावी आणि ठराविक संख्येच्या कड्यांची लांबी व्हर्निअरने घ्यावी. टोयोटाच्या काही इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत सुमारे १४-१५ किलोचा ताण देऊन अशी मोजणी चेनवर तीन निरनिराळ्या ठिकाणी करायला सांगितलेली आहे. तीन ठिकाणे अशासाठी की चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असेल तर तीच प्रमाण मानावी. दुसऱ्या गाडीचा आकडा येथे चालत नाही. आकडा हाती नसेल तर त्याच भाग-क्रमांकाची नवी चेन शेजारी ठेवून, त्याच ताणाखाली मोजून फरक पाहावा. आणखी एक सोपी कसोटी आहे. चेन आडवी, म्हणजे कड्यांच्या पट्ट्या आकाशाकडे व जमिनीकडे राहतील अशी, एका टोकाला धरावी. नवी चेन बरीचशी ताठ राहते, झिजलेली धनुष्यासारखी खाली झुकते. घरच्या सायकलच्या चेनवर हा प्रयोग मुलांनाही करून पाहता येईल.

चेन एकटी कधीच झिजत नाही. चक्राचे दाते एका अंगाला कलून आकड्यासारखे झाले असतील, तर त्यांवर नवी चेन चढवणे म्हणजे नव्या चेनला जुन्या रोगाच्या स्वाधीन करणे होय. पट्ट्यांवर चेनने पाडलेली खाच किती खोल आहे, प्लास्टिक तडकले आहे का, हेही पाहावे. एखादा तुकडा कमी असेल तर तो चेंबरमध्ये सापडलाच पाहिजे. ऑइल ओढणाऱ्या जाळीवर अडकलेला असा तुकडा नव्या बेअरिंगांना ऑइल मिळू देत नाही. मल्टीजेटमध्ये ऑइल पंप पुढच्या झाकणातच बसवलेला असल्याने त्याचीही तपासणी याच वेळी उरकते.

आता ज्या गोष्टीकडे चांगल्या चांगल्या गॅरेजांचे दुर्लक्ष होते, ती मशीन शॉपची. हेड वाकलेले आढळले की ते फेसिंगसाठी पाठवले जाते. कधी ब्लॉकचा माथाही घासला जातो. कॅमशाफ्ट माथ्यावर असलेल्या इंजिनात यामुळे क्रँक आणि कॅम यांच्यातील अंतर कमी होते, चेनची लांबी मात्र तेवढीच राहते. हेड ०.१५ आणि ब्लॉक ०.१० मिलिमीटर घासला तर ताणाच्या बाजूला जवळजवळ पाव मिलिमीटरची आणि दोन्ही बाजू मिळून अर्ध्या मिलिमीटरची ढील नव्या कोऱ्या चेनलाही जन्मतःच मिळते. जुनी चेन ठेवली असेल तर ही ढील तिच्या झिजेत भर घालते. अँबेसिडरसारख्या इंजिनात हेड घासल्याने चेनला काही होत नाही, कारण कॅम खाली ब्लॉकमध्ये आहे. तेथे मुख्य बेअरिंगांचे लाइन बोअरिंग करताना क्रँक वर सरकला तर तोच परिणाम होतो. म्हणून मशीन शॉपमधून किती धातू काढला याचा आकडा बिलावर लिहून घ्यावा. काही डिझेल इंजिनांसाठी वेगवेगळ्या जाडीचे हेड गॅस्केट मिळते. योग्य जाडी निवडण्यासाठी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजणे आवश्यक असते. काही इंजिनांच्या हेडला तर फेसिंगची परवानगीच नसते. तेथे मशीन शॉपवाल्याच्या आग्रहापेक्षा पुस्तिका श्रेष्ठ.

मग जुनी चेन ठेवावी की बदलावी? मोजणी मर्यादेच्या आत आली, चक्रे व पट्ट्या निर्दोष निघाल्या आणि इंजिन फार चाललेले नसेल, तर ती ठेवण्यात गैर काही नाही. ती काटकसर आहे. पण लाख-दीड लाख किलोमीटर चाललेले डिझेल इंजिन पूर्ण खोलले असताना चेन, टेन्शनर, पट्ट्या व चक्रे असा संपूर्ण संच बदलणे हेच शहाणपणाचे. त्या संचाची किंमत संपूर्ण कामाच्या खर्चाचा लहानसा हिस्सा असते आणि झाकण पुन्हा उघडण्याची मजुरी वाचते. बदलायचीच आहे तर मोजायची कशाला, असा प्रश्न येईल. जुनी चेन कमी किलोमीटरांत अती झिजलेली निघाली, तर दोष ऑइलमध्ये, ऑइल बदलण्याच्या सवयीत किंवा पंपाच्या दाबात आहे, आणि तो शोधला नाही तर नवी चेनही त्याच वाटेने जाईल.

संच घेताना पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मीरी गेटच्या बाजारात डोळे उघडे ठेवावेत, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. खोके मूळ कंपनीचे आणि आतील माल दुसराच, हा प्रकार सुट्या भागांच्या व्यापारात जुनाच आहे. पक्के बिल घ्यावे, भाग-क्रमांक ताडावा आणि नवी चेनही एकदा मोजून तो आकडा नोंदवावा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने इंजिन आणून बसवण्याचा मार्ग काही जण पत्करतात. त्या इंजिनाच्या चेनचा इतिहास विकणाऱ्यालाही माहीत नसतो, तेव्हा बसवण्यापूर्वी झाकण उघडून हीच मोजणी करणे उचित.

बसवणीत एक सवय मोडायला हवी. जुन्या जागी व्हाइटनरच्या खुणा करून त्याच खुणांवर नवी चेन चढवण्याची पद्धत रूढ आहे. कित्येक आधुनिक इंजिनांत कॅमचे चक्र कीने जखडलेले नसते, केवळ बोल्टच्या दाबाने धरलेले असते. तेथे जुन्या खुणा म्हणजे झिजलेल्या चेनने आणलेला उशीर जसाच्या तसा पुढे नेणे. मल्टीजेटसाठी क्रँक व कॅम ठराविक जागी जखडण्याची साधने मिळतात. ज्या गॅरेजकडे ती नाहीत, त्यांनी ती मागवून घेईपर्यंत मालकाने थांबावे. टेन्शनर बसल्यावरच त्याची अडकवण-पिन काढावी. त्यानंतर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे चालण्याच्या दिशेने फिरवून तीच साधने पुन्हा बसतात का ते पाहावे. सहज बसली तर मेळ खरा. ठोकून बसवावी लागली तर पुन्हा सुरुवात.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना टेन्शनर रिकामा असतो. म्हणून इंधन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारावा आणि मगच इंजिन पेटवावे. पहिले ऑइल व फिल्टर लवकर बदलावेत. त्यापुढे कंपनीने सांगितलेले किलोमीटर किंवा महिने, यांतील जे आधी भरेल ते. गाडी दुकान ते घर एवढीच फिरत असेल, तर बहुधा महिनेच आधी भरतात. उतरवलेली जुनी चेन गॅरेजमध्ये न सोडता मागून घ्यावी. तिच्यासोबत एका चिठ्ठीवर दट्ट्याची मोजणी, तीन ठिकाणची लांबी, नव्या चेनची लांबी, हेडमधून काढलेला धातू आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून ते सारे गाडीच्या फाइलसोबत ठेवावे.